लष्कर, बिर्लानगर, मालनपूर

डिसेंबर २०२१ मध्ये ग्वाल्हेरमध्ये शिपाई, ड्रायव्हर, चौकीदार अशा १५ सरकारी जागा निघाल्या. पात्रता दहावी पास. उमेदवार आले ११ हजारांवर. शेजारच्या उत्तर प्रदेशातूनही आले. त्यांत पदवीधर होते, एमबीए होते, न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा अभ्यास करणारेही होते. वाहिन्यांनी ती गर्दी दाखवली आणि नेहमीची टीका झाली: आपल्या तरुणांना सरकारी नोकरीचा मोह सुटत नाही. ही टीका त्या तरुणांवर अन्याय करणारी आहे. या शहराने शंभर वर्षांत कोणाला कशी भाकर दिली आणि म्हातारपणी कोणाची काय सोय लावली, हे पाहिले की त्या गर्दीमागचा हिशेब कळतो.

शहराचा जन्मच पगारातून झाला. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याजवळ तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. सरदार, शिलेदार आणि त्यांच्यामागून आलेली कारकून, भिक्षुक, शिक्षक अशी मराठी घरे दौलतीच्या तनख्यावर वाढली. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि ग्वाल्हेर हिवाळी राजधानी झाले. १९५६ मध्ये तेही गेले. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला आणि लोकसेवा आयोग इंदूरला गेला. ग्वाल्हेरच्या वाट्याला महालेखापालांचे कार्यालय, महसूल मंडळ, परिवहन आणि अबकारी आयुक्तालये आली. दरबारी कारकुनाच्या नातवाला ‘एजी ऑफिस’ची, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयाची, वाट खुली झाली. तिथे पगार बेताचा होता, पण निवृत्तीनंतर दरमहा पेन्शन होते आणि पश्चात बायकोलाही मिळत होते.

याच शहराने खासगी उद्योगालाही हात दिला, आणि मोठा दिला. टाटांच्या पोलाद कंपनीचे भागभांडवल १९०७ मध्ये देशातच उभे राहिले. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सगळेच्या सगळे एकट्या महाराजा माधवराव शिंद्यांनी घेतले. जमशेदपूरच्या भट्ट्यांमागे ग्वाल्हेरच्या रयतेचा पैसा होता. १९२१ मध्ये, माधवरावांच्याच कारकिर्दीत, घनश्यामदास बिर्ला यांची जियाजीराव कॉटन मिल ग्वाल्हेरात उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, २५ ऑगस्ट १९४७ रोजी, ग्वाल्हेर रेयॉन कंपनीची नोंदणी झाली. आजची ‘ग्रासिम’ ती हीच. फाळणीनंतर सक्करहून आलेल्या मंघाराम यांचा बिस्किटांचा कारखानाही इथेच आला.

जियाजीराव कॉटन मिलभोवती, म्हणजे जे.सी. मिलभोवती, बिर्लानगर वसले. हजीरा भागात आजही पत्ते ‘लाइन नंबर’ने सांगतात, कारण त्या कामगारांच्या चाळींच्या ओळी होत्या. मालक खासगी असला तरी कामगाराच्या सुरक्षिततेचा सांगाडा सरकारी कायद्यांचा होता: १९४८ चा राज्य विमा कायदा, १९५२ चा प्रॉव्हिडंट फंड, १९७२ ची ग्रॅच्युइटी. मात्र हे सारे मिलच्या फाटकाला बांधलेले होते. फाटक उघडे तोवर हक्क जिवंत.

मग फाटक बंद झाले. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले, ते मराठी वाचकाला सांगायला नको. तीच लाट थोड्या उशिराने इथे पोहोचली. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि १९८५ चे वस्त्रधोरण अशा माऱ्यात देशभरच्या जुन्या गिरण्या खचल्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी जे.सी. मिल थांबली आणि हजारो घरांची चूल एकाच मालकावर पेटत होती, हे शहराला पहिल्यांदा नीट उमगले.

कायदा नव्हता असे नाही. औद्योगिक विवाद कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून अधिक कामगारांचा कारखाना सरकारी परवानगीवाचून बंद करता येत नव्हता. पण परवानगी नाकारली म्हणून कापडाला गिऱ्हाईक मिळत नाही आणि बँक पैसे देत नाही. कागदावर चालू आणि प्रत्यक्षात थंड अशा गिरण्या देशभर वर्षानुवर्षे पडून राहिल्या. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली, तेव्हा बाजूने आणि विरोधात पुष्कळ वाद झाला. कारखाना बंद झाल्यावर कामगाराला दुसऱ्या दिवसापासून काय मिळणार, यावर त्याच्या दशांशानेही बोलणे झाले नाही.

थकीत देण्यांसाठी १९८५ मध्ये कंपनी कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली: दिवाळखोर कंपनीची मालमत्ता विकली की कामगारांची देणी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने द्यायची. नियम चांगला होता. मात्र मालमत्ता विकायलाच दशके लागली तर त्याचा उपयोग कोणाला? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनेही ही बरोबरी ठेवली, पण शेवटच्या २४ महिन्यांच्या देण्यांपुरती.

आता पेन्शन पाहा. कारखान्यातल्या कामगारासाठी मासिक पेन्शनची योजना आली नोव्हेंबर १९९५ मध्ये. त्याआधी ज्यांचे काम सुटले, त्यांच्या हाती फंडाची आणि ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम, तीही मिळाली तर. या योजनेतले किमान पेन्शन २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. त्याच शहरात, त्याच वयाच्या एजी ऑफिसातल्या कारकुनाला महागाई भत्त्यासह पेन्शन मिळते. एका गल्लीतली दोन म्हातारी माणसे, दोघांनीही तीस-तीस वर्षे काम केलेले. त्यांच्या नातवंडांनी यातून काय शिकावे?

मिल गेली तसे सरकारने शहराबाहेर नवे कारखाने बोलावले: मुरैना जिल्ह्यात बानमोर, भिंड जिल्ह्यात मालनपूर. मालनपूरला कॅडबरी, गोदरेज, एसआरएफ आले आणि नेटाने टिकले. काही गाशा गुंडाळून गेले. जमीन आणि सवलती सरकारच्या, कारखाने खासगी: माधवरावांच्या काळचीच जोडी. पण रोजगाराचा पोत बदलला. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे दोघे ठेकेदारामार्फत आलेले असतात, असे वार्षिक उद्योग पाहणी सांगते. त्यांच्या चाळी कोणी बांधत नाही, त्यांच्या नावाने वस्ती वसत नाही.

भिंड-मुरैनाच्या पोरांना कायमची वाट उरली होती फौजेची. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली: चार वर्षांची सेवा, नंतर चारांतला फार तर एक कायम. दोनच दिवसांत ग्वाल्हेरमध्ये दंगा उसळला आणि तोडफोड झाली ती बिर्लानगर स्टेशनवर. तोडफोडीचे समर्थन होत नाही. पण पेन्शनची शेवटची हमी हातची गेल्याचा तो संताप होता, आणि तो समजून घेतला पाहिजे. सरकारी नोकऱ्या कितीही वाढवल्या तरी ११ हजारांना पुरणार नाहीत. म्हणून म्हातारपणाची आणि आजारपणाची हमी मालकापासून सोडवून माणसाला जोडावी लागेल, मग तो ठेक्यावर असो, दुकानात असो की रिक्षावर. त्यासाठी पैसा सरकारने कर आणि मालकांच्या हप्त्यांतून उभा करायचा, आणि कारखाने बाजाराने चालवायचे.

मागच्या देण्यांचे काय करावे, याचा धडा इंदूरने दिला आहे. तिथली हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगार ३२ वर्षे कोर्टात लढले. अखेर महापालिका आणि गृहनिर्माण मंडळाने मिलच्या जमिनीचा प्रश्न सोडवला आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी २२४ कोटी रुपये कामगारांसाठी मोकळे झाले. कित्येकांचे पैसे वारसांनी घेतले. मुंबईत गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ मध्येच विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला होता, तरी घरांसाठी कामगार अजून झगडत आहेत. हुकुमचंदनंतर जे.सी. मिलच्या देण्यांनाही तोच मार्ग लावू, असे मध्य प्रदेश सरकारने म्हटले. ती जमीन आता शहराच्या भर वस्तीत आहे आणि तिची किंमत दरवर्षी चढते आहे. तिथे आयटी पार्क उभारा नाहीतर घरे बांधा, पण पहिला प्लॉट विकण्याआधी कामगारांची यादी प्रसिद्ध झाली पाहिजे आणि पहिले धनादेश त्या यादीतल्या हयात माणसांच्या हाती पडले पाहिजेत.