आकाशमार्गें आत्याच्या घरीं

विमान हा शब्द आपल्या भाषेस नवा नाहीं. नवें आहे तें त्यांत बसण्याचें भाग्य. ज्यांनीं शाळेंत संस्कृत घेतलें होतें, त्यांस कालिदासाच्या रघुवंशांतील तेरावा सर्ग आठवत असेल. लंकेहून अयोध्येस परततांना श्रीराम पुष्पक विमानांतून सीतेस खालची भूमि दाखवितात: प्रथम समुद्र, मग जनस्थान, पंपा सरोवर, आमची गोदावरी व पंचवटी, पुढें चित्रकूट, गंगायमुनांचा संगम आणि अखेरीस शरयू. विमानाच्या घंटांचा नाद ऐकून गोदावरीवरचे सारस पक्षी जणूं सीतेस सामोरे येण्यासाठीं वर उडत आहेत, अशी रम्य कल्पना कवीनें तेथें केली आहे. नाशिककरांस हा सर्ग प्रिय असल्यास नवल नाहीं. त्यांतील मर्माची गोष्ट अशी कीं, विमानाच्या वेगाचें कवीस फारसें कौतुक नाहीं. खालच्या प्रत्येक स्थळाशीं आपलें नातें काय, हें एका माणसानें आपल्या माणसास सांगावें, यांतच त्या प्रवासाची गोडी आहे. आणि प्रवासाच्या शेवटीं भरत वाट पाहत आहे.

लहान मुलांना घेऊन प्रथमच विमानांत बसणाऱ्या कुटुंबानें हें मर्म ध्यानांत धरावें, असें आम्हांस वाटतें. मागील उन्हाळ्यांत आमच्या घरचीं सहा माणसें, म्हणजे आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई, सात वर्षांची नात व पावणेदोन वर्षांचा नातू, नाशिकहून कॅलिफोर्नियांत आमच्या कन्येच्या घरीं जाऊन आलीं. विमानांत पाय ठेवण्याचा सर्वांचाच तो पहिला प्रसंग. त्या अनुभवांतून जें हातीं लागलें, तें वाचकांच्या, विशेषतः असा बेत मनांत घोळवीत असलेल्या गृहिणींच्या, उपयोगी पडावें म्हणून येथें मांडतों.

परदेशगमनाचें आपल्या समाजास वावडें होतें, ही गोष्ट फार जुनी नाहीं. बौधायनानें समुद्रयानाची गणना पतनीय कर्मांत केली आहे. आणि पुढें कलिवर्ज्य प्रकरणांत तर समुद्र ओलांडून आलेल्या द्विजानें प्रायश्चित्त घेतलें तरी त्याचा स्वीकार करूं नये, येथपर्यंत मजल गेली. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिल महिन्यांत कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें, व बरोबर घरचें कोणीहि नव्हतें. न्यूयॉर्कला पोंचेपर्यंत जून उजाडला. १८८६ सालीं पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. ज्या वाटेवर एकट्या बाईनें दोन महिने काढले, त्याच दिशेनें आज मुलें, आजीआजोबा व लोणच्याच्या बरण्या असा सारा संसार एका दिवसांत उडून जातो.

हा पालट टप्प्याटप्प्यानें घडला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूला विमान उतरविलें. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला निघालें. १९६० सालीं त्याच कंपनीचीं विमानें न्यूयॉर्कपर्यंत जाऊं लागलीं. १९६५ सालीं अमेरिकेनें परकीयांच्या प्रवेशाचा आपला कायदा बदलून जन्मदेशावर बेतलेली जुनी कोटापद्धति मोडली, आणि आपल्याकडील डॉक्टर, इंजिनिअर व शास्त्रज्ञ यांस तें दार उघडलें. परिणाम असा झाला कीं, ज्या घरचा एक भाऊ पुण्यास व एक नागपुरास असे, त्या घरची एखादी लेक आतां सॅन होजेस नांदते; आणि माहेरच्या मुलांना आत्या ठाऊक असते ती फोनच्या कांचेवर.

आतां प्रत्यक्ष प्रवासाकडे वळूं. नाशिकला विमानांची ओळख जुनीच आहे. ओझर येथें १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना असून मिग विमानें तेथें घडलीं. २०१४ सालीं तेथेंच प्रवाशांसाठीं इमारतहि झाली. तथापि दूरदेशीं जाणारे बहुतेक नाशिककर मुंबईचीच वाट धरतात, व आम्हींहि तीच धरली. १८६५ सालीं थळघाटांतून आगगाडी खालीं उतरूं लागली, तेव्हां मुंबई जवळ आली असें लोक म्हणाले असतील. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर ती आणखी जवळ आली. तरी लेंकरें बरोबर असल्यास वेळ हाताशीं ठेवूनच निघावें. घाटांत मूल ओकतें, भूक लागते, दुपटें बदलावें लागतें; या गोष्टींस महामार्ग काय करणार?

कागदपत्रांविषयीं दोनच शब्द. तान्ह्या मुलासहि स्वतंत्र पासपोर्ट व व्हिसा लागतो. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट बहुधा पांचच वर्षें चालतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. दोन वर्षांखालील मुलास आईच्या मांडीवर नेतां येतें. परंतु परतीच्या प्रवासापूर्वीं त्याचा दुसरा वाढदिवस येत असेल, तर त्यास निराळी जागा घ्यावी लागते. म्हणून तिकिटें काढण्यापूर्वीं मुलाची जन्मतारीख व परतीची तारीख शेजारीं मांडून पाहावी.

मुलांच्या मनाची तयारी ही कागदांहून मोठी. निघण्यापूर्वीं आठवडाभर आमच्या माजघरांत रोज सायंकाळीं विमान उडत असे. खुर्च्यांची रांग, कमरेस पट्टा म्हणून उपरणें, आणि पोळपाट घेऊन खाण्याचे ताट वाढणारी आजी. तपासणीच्या यंत्रांतून पिशव्या कशा जातात, हें पलंगाखालून बोचकें सरकवून दाखविलें. त्यामुळें विमानतळावर नातीची बाहुली यंत्रांत गेली, तेव्हां ती रडली नाहीं. पलीकडच्या टोकास जाऊन शांतपणें उभी राहिली. मुलास जें आधीं खेळांत भेटलें, त्याचें त्यास भय वाटत नाहीं.

विमानांत मुलें कां रडतात, याचें शास्त्र थोडें समजून घेतलें तर आईची धांदल कमी होते. मोठीं विमानें सुमारें ३५,००० ते ४०,००० फूट उंचीवरून जातात. बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास थंडी व श्वासास न पुरणारी विरळ हवा. आंतील हवेचा दाब यंत्रानें वाढवितात. तरी तो समुद्रसपाटीवरच्याइतका नसून ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा राखतात. आपल्या कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फूट उंच. म्हणजे त्याहूनहि किंचित विरळ हवेंत आपण तासन् तास बसलेले असतों. विमान उतरूं लागलें कीं हा दाब पुन्हां वाढतो, आणि कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होण्यासाठीं घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडावी लागते. लहान मुलांत ही नळी अरुंद व आडवी असल्यानें ती सहज उघडत नाहीं. म्हणून कान दुखतात. गिळण्याच्या क्रियेनें ती उघडते. यास्तव उतरण्याची सूचना होतांच झोंपलेल्या तान्ह्यास हळूच जागें करून अंगावर पाजावें. मोठ्या मुलास पाण्याचे घोट घ्यावयास लावावें किंवा जांभया देण्याचा खेळ खेळावा. मुलास जोराची सर्दी वा कानाचा विकार असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. आंतील हवा फार कोरडी असते. तेव्हां पाणी वारंवार द्यावें, आणि मोठ्यांनींहि अधूनमधून उठून चार पावलें चालावें.

खाण्याविषयीं गृहिणींचा प्रश्न असतोच. शाकाहारी जेवण तिकिटाबरोबरच सांगून ठेवावें. आमच्या सौभाग्यवतींनीं दशम्या व गुळपापडी बरोबर घेतली होती, आणि अनोळखी ताटाकडे पाहून तोंड फिरविणाऱ्या नातवानें त्यांवरच दिवस काढला. पेय पदार्थ शंभर मिलिलिटरहून अधिक बरोबर नेऊं देत नाहींत, परंतु तान्ह्या मुलाच्या दुधास सवलत असते. तें तपासनिसास आपण होऊन दाखवावें. अमेरिकेंत ताजीं फळें, बियाणें, रोपें व मांस यांवर कडक निर्बंध आहेत. लेकीस नाशिकचीं द्राक्षें वा हापूस आंबा न्यावा असें कितीहि वाटलें, तरी त्या मोहास बळी पडूं नये. आणि चिवडा, मेतकूट असें जें कांहीं बरोबर असेल, तें विचारल्यावर स्पष्ट सांगावें.

मुंबई व सॅन फ्रान्सिस्को यांमधील अंतर सुमारें १३,५०० किलोमीटर. वाटेंत एक विसावा घेऊन तें ओलांडण्यास एक दिवस लागतो. परंतु शरीरास तो पुरत नाहीं. उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियाचें घड्याळ आपल्याहून साडेबारा तास मागें असतें, हिंवाळ्यांत साडेतेरा. म्हणजे येथील मध्याह्न ती तेथील मध्यरात्र. आमच्या एका शास्त्री मित्रांनीं निघतांना विचारलें, “संकल्पांत देशकालाचा उच्चार काय करणार?” प्रश्न विनोदाचा खरा, पण देह हाच प्रश्न रोज रात्रीं विचारीत असे. शरीरांतील घड्याळ एका दिवसांत साधारण एखादा तासच सरकतें, असें जाणते सांगतात. औषधें न शोधतां सकाळीं मुलांना उन्हांत खेळवावें, दुपारची झोंप आंखडती घ्यावी, आणि आठदहा दिवस सबुरीनें घ्यावें, हाच त्यावर उत्तम उपाय.

आणि या अडचणीनेंच आमचें एक मोठें काम केलें. आमची कन्या दिवसभर नोकरींत, तिचीं मुलें शाळेंत; संध्याकाळीं सगळे एकत्र आले तरी गडबडीचे. नातवाची तर निराळीच तऱ्हा. त्याच्या लेखीं ‘आत्या’ हें फोनचें नांव होतें. विमानतळावर खरी आत्या हात पसरून पुढें आली, तेव्हां त्यानें आईच्या खांद्यांत तोंड लपविलें, आणि थोड्या वेळानें बापाच्या खिशांतील फोनकडे बोट दाखवून “आत्या, आत्या” असा हट्ट धरला. लोक हंसले, कन्येच्या डोळ्यांत मात्र पाणी आलें, तें आम्हीं पाहिलें. परंतु पहिल्या रात्रीं दोन वाजतां दोन्ही मुलें भुकेनें जागीं झालीं, तेव्हां आत्याच उठली. स्वयंपाकघरांत दिवा लावून तिनें वरणभात कालविला, आणि बाहेर सारें गांव निजलें असतां आत्या व भाच्यांची ती पंगत बसली. तिसऱ्या रात्रीं नातवानें तिच्या हातून घांस घेतला. पांचव्या रात्रीं तो जागा होतांच आईस न उठवितां तिच्या खोलीकडे दुडदुडत गेला.

नातीनें त्याच पंगतींत तो प्रश्न विचारला, जो मोठीं माणसें एकमेकांस विचारीत नाहींत: “आत्या, तूं आपल्या घरीं कां राहत नाहींस?” कन्येनें उत्तर टाळलें नाहीं. ती म्हणाली, “कामासाठीं आलें बाळ, आणि इथेंच घर झालं. पण तुझं घर तें माझं माहेर. तें तूं सांभाळतेस.” त्या दिवसापासून नात स्वतःस त्या घराची किल्लेदार समजते.

आतेभावंडांची गांठ सुटण्यास मात्र भाषेची अडचण होती. कन्येचीं मुलें मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजींत देतात. तेथील मराठी माणसें याविषयीं हात जोडून बसलेलीं नाहींत. १९८१ सालीं स्थापन झालेलें बृहन्महाराष्ट्र मंडळ उत्तर अमेरिकेंतील मंडळांस एकत्र आणतें, दर दोन वर्षांनीं अधिवेशन भरवितें, आणि त्याच्या आधारानें ठिकठिकाणीं सुटीच्या दिवशीं मराठी शाळा चालतात. २०२४ चें अधिवेशन सॅन होजेसच झालें. ज्या शिक्षकानें हयातभर मुलांस शुद्धलेखन शिकविलें, त्यास हें पाहून संतोष न वाटला तरच नवल. परंतु शाळा अक्षरें देते. बोलण्याची गरज घरानेंच निर्माण करावी लागते. आमच्या नातीनें नेलेल्या सागरगोट्यांनीं ती गरज निर्माण केली. डाव चुकला कीं भांडावें लागे, आणि नातीस इंग्रजींत भांडतां येत नसे!

असो. या प्रवासास खर्च पुष्कळ येतो, हें खरें. सहा माणसांच्या तिकिटांसाठीं आमच्या घरानें तीन वर्षें पैसा बाजूस टाकला, व त्यापायीं दोन लग्नांतले अहेर आंखडते घेतले. मुलें मोठीं झाल्यावर जाऊं, असा पोक्त सल्ला आम्हांस अनेकांनीं दिला. परंतु मुलें मोठीं होतील तेव्हां आजीआजोबांचे गुडघे कोठें असतील? आणि आत्येचें प्रेम वयाच्या पंधराव्या वर्षीं प्रथम भेटलें, तर तें ओळखीपलीकडे जाईल काय? ज्यांस शक्य आहे त्यांनीं मुलें मांडीवर मावतात तोंवरच जावें. आणि ज्यांस शक्य नाहीं त्यांनीं तिकडच्या मुलांस इकडे आणवावें, निदान महिन्यास एक पत्र मुलांकडून देवनागरींत लिहवून घ्यावें.

येत्या दिवाळींत कन्या सहकुटुंब नाशिकला येणार आहे. नातीनें वहींत यादी केली आहे: रामकुंड, काळाराम मंदिर, पांडवलेणीं, आणि आमच्या गल्लींतील विहीर. आतेभावंडांना प्रत्येक ठिकाणीं काय सांगावयाचें, तें ती आजीस विचारून पुढें लिहून ठेवीत आहे.