सीताफळाचा वानवळा

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत बीड जिल्ह्यातल्या परसदारी एक गोड संकट उभं राहतं. दारात सीताफळाचं झाड एकच असतं, पण फळं एकदा डोळे उघडायला लागली की घरची माणसं खाऊन खाऊन कंटाळतात आणि टोपली काही रिकामी होत नाही. आंबा उरला तर साठं घालता येतात, बोरं वाळवता येतात, चिंच तर वर्षभर मडक्यात बसते. सीताफळाचं यातलं काहीच होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे फळ साठवणाऱ्याचं नाही, वाटणाऱ्याचं आहे.

मूळचं हे झाड उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं. पण बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर, धारूर-केज-अंबाजोगाईच्या माळांवर ते असं रुजलं की परकं म्हणायची सोय राहिली नाही. शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही आणि उन्हाळ्यात पानं गाळून ते दुष्काळ काढतं. असं झाड बीडला मानवलं नसतं तरच नवल! बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे आणि तिथल्या एका वाणाचं नावच ‘धारूर-6’ आहे.

फळं अशी एकदमच का येतात? कोरडवाहू झाडाला पावसाच्या पहिल्या सरींवर पालवी आणि कळी बरोबरच फुटते. तिथून साधारण चार महिन्यांत फळ तयार होतं. बहर एका पावसाचा, म्हणून काढणीही एकाच हंगामात लोटते.

पुढची गंमत काढल्यानंतरची. सीताफळ आंब्या-केळ्यासारखं तोडल्यावर पिकतं, पण निबर झालेलं असेल तरच. खवल्यांमधल्या रेघा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की डोळा उघडला असं समजायचं. कोवळं तोडलं तर ते पिकत नाही, नुसतं काळं पडून सुकतं. बरोबर तोडलेलं फळ दोन-चार दिवसांत मऊ होतं आणि त्यानंतर एक-दोन दिवसच खाण्यालायक राहतं. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवून वेळ मारून नेता येत नाही. त्या थंडीत साल काळी पडते आणि फळ नीट पिकतच नाही. गर आटवून जॅम करावा म्हटलं, तर उकळल्यावर तो कडू होतो. म्हणून सीताफळाची बासुंदी करणारी जाणती बाई दूध आधी आटवते, पुरतं गार करते आणि मगच गर घालते. बिया काढलेला गर डबाबंद करून बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर काही आठवडे निभतो खरा, पण एका झाडाचा गर काढायला बसा म्हणजे कळेल. चमचाभर गरामागे चार बिया निघतात!

म्हणजे उरतं ते वाटणंच. त्यातही एक रीत आहे. पिकलेली फळं पिशवीत कोंबून दिली तर शेजारणीच्या घरी पोचेपर्यंत चिखल होतो. देणाऱ्यानं फळं कडक असतानाच, देठ ठेवून, परडीत एका थरानं मांडावीत आणि हातानं चाचपून सांगावं, “वहिनी, ही तीन उद्या खा, ही परवाला होतील, आणि हे एक देवापुढं ठेवा, चार दिवस लागतील.” असा वानवळा घेणाऱ्यालाही सोपा जातो, कारण एकाच दिवशी सगळी फळं संपवायची घाई नसते. पुण्या-मुंबईच्या लेकीकडं पाठवायची असतील तर नुकता डोळा उघडलेलीच निवडावीत, खोक्यात गवत किंवा कागद घालावा आणि प्लॅस्टिकची पिशवी टाळावी. कोंडलेल्या दमटपणात साल लवकर बुरसते. काही फळं तशीही पाखरांच्या आणि खारींच्या वाट्याची असतात. उंच फांदीवरच्या एका फळासाठी म्हाताऱ्या माणसानं शिडी चढू नये.

वानवळ्याबरोबर एक सूचनाही द्या, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. अख्खी बी चुकून गिळली तर ती तशीच बाहेर पडते, पण फोडलेल्या किंवा वाटलेल्या बियांत विष असतं. उवा मारायला बियांची पूड केसांना लावायचा प्रकार खेड्यापाड्यांत अजून आहे. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. असा उपाय कुणी करताना दिसलं, तर त्याला तिथंच थांबवा आणि पूड डोळ्यांत गेलीच असेल तर डोळे भरपूर पाण्यानं धुऊन थेट दवाखाना गाठा.