शाळेच्या तिजोरीत किती?

मोहगाव मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, म्हणजे २०२३मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात. घरात मराठी, शाळेत मात्र बहुतेक हिंदी. १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला.

इथल्या सरकारी शाळांनाही पैसा देणाऱ्या 'समग्र शिक्षा' योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. तिच्यातून सरकारी शाळेला पटसंख्येनुसार वार्षिक अनुदान मिळते: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० मुलांसाठी २५,०००, १०१ ते २५०साठी ५०,०००. खडू, वीजबिल, पाणी, किरकोळ डागडुजी सगळे यातच. किमान दहा टक्के स्वच्छतेवर. ३१ मुलांच्या शाळेतून एक मूल गेले, तर निकषाप्रमाणे १५,००० रुपये कमी होतात. छप्पर मात्र तेवढेच गळते.

शिक्षकांचे गणित याहून जाचक आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९नुसार ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. वर्ग पाच. एक शिक्षक निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामावर गेला की पाचही वर्ग एकाच्याच गळ्यात पडतात. गुणवत्ता इथे ढासळते, आणि तिचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

याच कायद्याचे कलम २९ शक्य तितके मातृभाषेतून शिकवा असे सांगते. मराठी घरातल्या मुलांसाठी त्याचा अर्थ मराठी जाणणारा शिक्षक आणि मराठी पुस्तके. दोन्हींना पैसा लागतो.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, असे कोठारी आयोगाने १९६६मध्ये सुचवले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाला तेच पुन्हा लिहावे लागले.