हृषीकेश मुळगावकर : महावीर चक्राचे वैमानिक

एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर यांचा जन्म १४ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत झाला. दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, नोव्हेंबर १९४० मध्ये, त्यांना हवाई दलात कमिशन मिळाले. ब्रह्मदेशाच्या आघाडीचा अनुभव त्यांनी घेतला. पण त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते पाकिस्तानविरुद्धच्या काश्मीर युद्धाशी.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटची पहिली तुकडी डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरली. तिथे लढाऊ विमानांसाठी इंधनाचा साठाच नव्हता. उतरलेल्या डाकोटांच्या टाक्यांतून पेट्रोल काढून ते स्पिटफायर विमानांत भरावे लागले. अशा ओढगस्तीत सुरू झालेल्या या मोहिमेत पुढे विंग कमांडर मुळगावकर यांच्याकडे ऑपरेशनल विंगची सूत्रे आली. वय जेमतेम सत्तावीस.

हल्ल्याची मदार टेम्पेस्ट या लढाऊ विमानावर होती. एक इंजिन, एकच वैमानिक, पंखांत २० मिलिमीटरच्या चार तोफा. या तोफा जागच्या हलत नाहीत. नेम धरायचा म्हणजे अख्खे विमानच लक्ष्यावर रोखून खाली सूर मारायचा, आणि मारा होताच नाक वर खेचायचे. मैदानात हे जमते; अरुंद दरीत समोर डोंगराची भिंत उभी असते आणि खालून गोळीबार चालू असतो. शिवाय श्रीनगरचा तळच समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे उड्डाणाला धावपट्टीही जास्त लागते. विंगच्या प्रमुखाने नकाशापाशी बसून आदेश दिले असते, तरी कोणी बोट ठेवले नसते. मुळगावकर स्वतः या उड्डाणांवर जात. युद्धातील शौर्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या, महावीर चक्र या पदकाने त्यांचा गौरव झाला.

अशा वैमानिकांची आठवण इतरत्रही जपली जाते. फिलिपाइन्सचे वैमानिक हेसुस व्हिलामोर डिसेंबर १९४१ मध्ये जुनाट विमानांतून जपान्यांशी भिडले. मनिलातील हवाई तळाला आज त्यांचे नाव आहे. मुळगावकरांचे नावही मराठी घरांत तितक्याच आपुलकीने घेतले जायला हवे.

१ फेब्रुवारी १९७६ रोजी ते हवाईदलप्रमुख झाले. कॅनबेरा आणि हंटर विमाने थकली होती. शत्रूच्या प्रदेशात खोलवर मारा करणारे विमान हवे होते. जग्वार, मिराज एफ-१ आणि व्हिगन यांची तुलना चालू होती. त्याच काळात, ४ नोव्हेंबर १९७७ रोजी, पंतप्रधान मोरारजी देसाई यांना नेणारे हवाई दलाचे विमान जोरहाटजवळ कोसळले. पंतप्रधान वाचले, कॉकपिटमधले पाच जण गेले.

३१ ऑगस्ट १९७८ रोजी मुळगावकर निवृत्त झाले. निवड अखेर जग्वारची झाली आणि पहिली जग्वार विमाने जुलै १९७९ मध्ये अंबाल्याला उतरली. १० एप्रिल २०१५ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, मुळगावकर यांचे निधन झाले.