शेवग्याच्या पाल्याचा हिशेब

आमटीतली शेवग्याची शेंग आवडीने चोखणारा मराठी माणूस त्याच झाडाच्या पाल्याकडे सहसा ढुंकून पाहत नाही. शेंग बाजारात जाते, पाला झाडाखाली वाळून जातो. कोकण मात्र याला अपवाद. सिंधुदुर्गाकडे गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर शेगलाची भाजी करतात, ती या कोवळ्या पाल्याचीच. गिरणगावातील चाळींतून हिंडताना आम्ही ती पुष्कळदा खाल्ली आहे.

अलीकडे हा पाला एकाएकी श्रीमंत झाला आहे! त्याची पूड डब्यात भरून ‘मोरिंगा’ या नावाने भारी किमतीला विकतात. हे नाव मुळात तमिळ ‘मुरुंगई’वरून विलायतेत गेले आणि आता साहेबी पोशाखात परत आले आहे. ही पूड तीनशे रोगांवर चालते, असेही सांगतात. आमच्या युनियनमधील भगिनी विचारतात, ही पूड घेतली तर रक्तवाढीच्या गोळ्या बंद करू का? म्हणून हा हिशेब मांडणे आम्हांस भाग पडले.

पगारपत्रक वाचताना आम्ही सभासदांना सांगतो, आकडा कशाचा व किती दिवसांचा ते आधी पाहा. येथेही तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ६ ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने, ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आणि सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच गाईच्या दुधात कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम असते. तेव्हा पाल्याची स्तुती निराधार नाही. परंतु पाला वाळला की पाणी उडते आणि आकडे फुगतात. पुडीच्या १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम २००० मिलिग्रॅमच्या आसपास भरते खरे. पण १०० ग्रॅम पूड खातो कोण? ५ ग्रॅमच्या चमच्यात उरले १०० मिलिग्रॅम, म्हणजे लहान कपभर दुधाहूनही कमी. शिवाय वाळवताना ‘क’ जीवनसत्त्व बरेचसे नाहीसे होते.

लोहाचा हिशेब अधिक कठोर आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ५४ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह मिळावे, अशी २०२० ची शिफारस आहे. पावशेराच्या निम्म्याहून थोडा कमी पाला तिचा सहावा हिस्साही पुरवीत नाही, आणि वनस्पतीतील लोह शरीर थोडेच शोषते. भाजीवर लिंबू पिळल्यास शोषण वाढते, जेवणावर लगेच चहा घेतल्यास घटते. तात्पर्य, पाला जरूर खावा, पण डॉक्टरने दिलेल्या गोळ्या सोडू नयेत.

पाल्यातील कॅरोटिनापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, पण त्याला स्निग्धांश लागतो. तेव्हा फोडणीचे तेल ही चैन नव्हे.

आयुर्वेदात ‘शिग्रु’ म्हणून या झाडाला जुना मान आहे. रक्तातील साखर उतरते की काय, याचे प्रयोग झाले आहेत. पण ते लहान आहेत, त्यांच्या भरवशावर मधुमेहाचे औषध बंद करणे धोक्याचे. मुळाच्या सालीत विषारी द्रव्ये असतात. गर्भवती स्त्रियांनी मूळ व साल यांना हातही लावू नये.

झाड मात्र खरोखर गरिबांचे. जाड मुळात ते पाणी साठवते, टंचाईत पाने गाळून जीव राखते, वर्षाला २५० मिलिमीटर पावसावरही तगते. मरते ते साचलेल्या पाण्याने. हातभर जाड फांदी रोवली तरी फुटते. तमिळनाडूतील पेरियाकुलमची ‘पीकेएम-१’ जात पेरल्यापासून सहाएक महिन्यांत शेंगा धरते; दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण रुचिरा’ आहे. सुदानात नाईलचे गढूळ पाणी निवळण्यास बायका शेवग्याचे बी वाटून घालीत. बियांतील प्रथिनांमुळे गाळ गोळा होऊन तळाशी बसतो. पाणी मग उकळावे लागतेच.

एका कारखान्याच्या कॅन्टीनात डाळ पातळ करून तिच्यात हा पाला घातला गेला आणि ‘पौष्टिक आहार’ म्हणून पाटी लागली. आम्ही व्यवस्थापकांना सांगितले, पाला डाळीत घाला, डाळीऐवजी नको. चार बैठकांनंतर डाळ घट्ट झाली.

पाला खुडायचा असेल तर झाड छातीएवढ्या उंचीवर छाटावे, म्हणजे फांद्या ठिसूळ असल्या तरी वर चढावे लागत नाही. तोडलेला पाला लवकर पिवळा पडतो; त्याच दिवशी काड्या काढून शिजवावा, उरलेला सावलीत वाळवावा.