सहेरीपर्यंत जागे पाय

रमजान आला की अम्मी खुलायची. इबादतीचा महिना म्हणून खुलते, असे आम्हाला वाटायचे. ते होतेच. पण आणखी एक कारण होते, ते मला ती गेल्यावर माझ्याच पायांनी सांगितले. एरवी अकरा महिने ती रात्री एकटीच जागी असायची. या एका महिन्यात तिच्याबरोबर अख्खा मोहल्ला जागा असे.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिचे पाय सुरू व्हायचे. "पोटऱ्यांत काहीतरी वळवळतंय रे," ती म्हणायची. आम्ही भावंडे आळीपाळीने पाय दाबायचो. हात थांबला की पुन्हा तेच. मग ती उठून अंगणात फेऱ्या मारायची. चालले की थांबते, पडले की येते. दिवसा दाखवायला ना सूज, ना जखम. शेजारच्या काकू म्हणायच्या, "वात आहे तो," आणि हिवाळ्यात अळिवाचे लाडू पाठवायच्या. एका नातलगाने ताईत आणून दिला. आणि आम्ही मुले चिडायचो, "अम्मी, जरा गप पड ना!" तिला तेवढेच तर जमत नव्हते.

शेहेचाळिसाव्या वर्षी मला रातराणीने मुंबईला जायचे होते. एसटी सुटून तासभर झाला आणि माझ्या पोटऱ्यांत ते सुरू झाले. दुखणे नव्हे, मुंग्याही नव्हेत. पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही, अशी आतून येणारी ओढ. गोळा आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो, तसेही काही नव्हते. सहप्रवाशाने दोनदा माझ्याकडे रागाने पाहिले. तिसऱ्यांदा मीच उठलो आणि पुढचा सगळा रस्ता दांडा धरून उभा राहिलो.

डॉक्टरांनी मोजकेच प्रश्न विचारले. पाय हलवावेसे वाटतात का? बसल्यावर, पडल्यावर वाढते का? चालल्यावर कमी होते का? संध्याकाळनंतर जास्त होते का? घरात आणखी कोणाला? शेवटच्या प्रश्नावर मला अंगणातली अम्मी दिसली. याचे नाव रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1672 मध्येच त्याचे वर्णन केले होते, आणि स्वीडनच्या कार्ल-अॅक्सेल एकबोम यांनी 1945 मध्ये त्याला आजचे नाव दिले. म्हणजे अम्मीला आम्ही गप पड म्हणत होतो, तेव्हा हा आजार पुस्तकात होता. आमच्या गल्लीपर्यंत पोचला नव्हता, इतकेच.

बिघाड पायात नसतो. मेंदूला लोह कमी पडणे आणि डोपामिन या रसायनाचे काम बिघडणे, याच्याशी त्याचा संबंध लावतात. अनेक घरांत तो पिढीजात येतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि डायलिसिसवरच्या रुग्णांत तो बराच आढळतो. हिमोग्लोबिन ठीक असले तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो. माझे तसेच होते. तो साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलेले असले, तरी या आजारात आकडा 75 किंवा त्याखाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. मात्र तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत, जादा लोहही शरीराला घातक. सर्दी-खोकल्याच्या आणि झोप आणणाऱ्या काही औषधांनी पाय अधिकच बेचैन होतात, तेव्हा दुकानातून परस्पर औषध घेण्याआधी विचारावे.

रमजानात माझे वेळापत्रक थोडे बदलते. लोहाची गोळी इफ्तारला लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा दोन तासांनी, कारण चहा लोह शोषू देत नाही. (खजुरात लोह आहे, पण त्यावर साठा भरेल इतके नाही. मी आशेने बरेच खाऊन पाहिले.) तरावीहच्या वीस रकातींत उभे असताना मी मजेत असतो. दर चार रकातींनंतर थोडे बसायचे असते, तिथे माझी परीक्षा. आता मी कडेला उभा राहतो, तिथून दोन पावले चालायला मोकळीक असते. इमामसाहेबांना एकदा सांगून टाकले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आजाऱ्याला सवलत आहे, तुम्ही संकोच का करता?" ज्यांची औषधे दिवसा घ्यावी लागतात, त्यांनी रोज्याआधी डॉक्टरांशी बोलावे. आजारपणात सुटलेले रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा खुद्द कुरआनने दिली आहे.

परवा इफ्तारचे ताट घेऊन काकूंकडे गेलो. आता त्या ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या नातसुनेला आठवा महिना आहे. ती दिवाणावर बसून सारखे पाय हलवत होती आणि काकू रागावत होत्या, "अगं, बसल्या बसल्या पाय हलवू नयेत, लक्ष्मी जाते!" आमच्याकडे त्याने घरातली बरकत जाते. मी तिला ते चार प्रश्न विचारले. चारही उत्तरे 'हो' आली. "डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांग," मी म्हणालो, "बाळंतपणानंतर बहुतेक जणींचं थांबतं."

काकू ऐकत होत्या. "म्हणजे तुझ्या अम्मीला हेच होतं?"

मी हो म्हणालो. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि माझ्या रिकाम्या ताटात अळिवाचे चार लाडू ठेवले.