मागणी नसलेली गरज

अर्थशास्त्राच्या वर्गात गरज आणि मागणी यांतील भेद अगदी आरंभी शिकविला जातो. गरजेच्या पाठीशी इच्छा आणि क्रयशक्ती उभी राहिली तरच ती मागणी ठरते; एरवी बाजाराला तिचा पत्ता लागत नाही. हा भेद किती निष्ठुर ठरू शकतो, हे स्त्रियांच्या एका तक्रारीवरून दिसते. ‘अंगावरून पांढरे जाते’ एवढेच सांगितले जाते, तेही बहुधा आईला किंवा जावेला, खालच्या आवाजात. उत्तर ठरलेले असते : ‘अशक्तपणा आहे, होते असे.’

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळला. तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. आणि अशी तपासणी पूर्वी कधी झालेल्या? अवघ्या ८ टक्के. आजार होता, पण आरोग्यव्यवस्थेच्या दृष्टीने मागणी नव्हती.

अर्थात पांढरे जाणे हा प्रत्येक वेळी रोग नव्हे. मासिक चक्राबरोबर स्राव कमीअधिक होतो. स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारास तो पातळ आणि निर्मळ असतो व शुक्रजंतूंची वाट त्यामुळेच सुकर होते. दह्याच्या कवडीसारखा, खाज सुटणारा स्राव बहुधा बुरशीमुळे असतो. त्रास पुष्कळ, परंतु वंध्यत्वाशी त्याचा सहसा संबंध नसतो. स्रावाला दुर्गंधी येणे, त्याचा रंग हिरवट वा पिवळा होणे, ओटीपोटात दुखणे, ताप येणे ही लक्षणे मात्र अंगावर काढण्याजोगी नव्हेत. परमा आणि क्लॅमिडिया या रोगांचे जंतू गर्भाशयाच्या मुखातून वर चढतात आणि बीजवाहक नलिकांना सूज आणतात. सूज ओसरते, पण नलिका आतून चिकटून राहू शकते. मग स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची भेटच होत नाही. किंवा अर्धवट बुजलेल्या नलिकेतच गर्भ रुजतो आणि जिवावर बेतते. क्लॅमिडिया तर पुष्कळदा कसलेही लक्षण न दाखविता हे काम करतो. आपल्या देशात क्षयरोगही नलिकांची हीच गत करतो.

स्वीडनमधील लुंड येथे दीर्घकाळ केलेली एक पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. ओटीपोटाचा असा दाह एकदा झालेल्या स्त्रियांपैकी ८ टक्क्यांना नलिका बिघडल्याने वंध्यत्व आले. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के, तर तीन वा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के होते. विलंबाचे व्याज हे असे वाढते. आरंभी काही दिवसांच्या गोळ्यांनी भागले असते. पुढे तेच कुटुंब परीक्षानळीच्या उपचारांसाठी दागिने मोडते.

शिवाय संसर्ग लैंगिक संबंधातून आलेला असेल, तर एकट्या पत्नीला दिलेले औषध वाया जाते. नवऱ्याकडून तो पुन्हा येतो. ‘वांझ’ हा शब्द मात्र तिच्याच वाट्याला. वास्तविक मूल न होण्याच्या चौकशीत नवऱ्याच्या वीर्याची तपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी आहे, आणि नेमकी तीच सर्वांत शेवटी होते!

सरकारनेही स्त्रीच्या प्रजननशक्तीचा हिशेब दशकानुदशके ठेवला, तो शस्त्रक्रियांचे लक्ष्यांक गाठण्यासाठी. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर, १९९६ मध्ये, ते लक्ष्यांक मागे घेण्यात आले आणि १९९७ च्या प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमात जननमार्गाच्या संसर्गांनाही स्थान मिळाले. कागदावर मिळालेले हे स्थान गावापर्यंत पोचले की नाही, हे पाहण्यास मोठी पाहणी नको. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीच्या टेबलाभोवती पडदा आहे काय, स्त्री डॉक्टर कोणत्या वारी भेटते, आणि गरज असेल तेव्हा नवऱ्याच्या नावाचीही चिठ्ठी लिहिली जाते काय, हे ग्रामसभेत कोणालाही विचारता येईल.